एका प्लगवर पाच वादक

माझ्या हातून आजवर घोळ काय कमी झालेत? पण मंद्रूपला जो झाला, त्याच्यापुढं बाकीचे सगळे किरकोळ! तो सांगायचा म्हणजे आधी लाज गुंडाळून त्या कोपऱ्यात ठेवावी लागते. ही ठेवली. चहा घ्या आणि ऐका.

मी सोलापुरात एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क. दिवसभर बोनाफाईड, टीसी, 'साहेब जेवायला गेलेत, तीनला या'. आणि घरी आलो की कीबोर्ड! पूर्वी साधा होता, दाबला की वाजायचा. पण मागच्या वर्षी माझ्या डोक्यात लेअरिंग शिरलं.

लेअरिंग म्हणजे काय? घाबरू नका, मी आमच्या हिला, शुभदाला समजावू शकलो, तुम्हालाही समजेल. हा नवा कीबोर्ड मुका. त्याला स्वतःचा आवाज नाही. तो वायरनं लॅपटॉपला जोडायचा. वाद्यं सगळी लॅपटॉपच्या पोटात. तिथं आधी सतार लावायची, तिच्यावर व्हायोलिनचा थर, त्याच्यावर बासरीचा, त्याच्यावर जलतरंगाचा. दाबायची पट्टी एकच, पण चारही वाद्यं एकदम बोलतात! कीबोर्डवर चार सरकती बटणं, एकेका वाद्याला एकेक. वर सरकवलं की ते वाद्य मोठं होतं, खाली ओढलं की गप्प.

"म्हणजे एकाच डोशावर शेजवान, चीज, मेयो आणि बटाटा," शुभदा म्हणाली.

अपमान होता, पण समज बरोबर होती.

सहा महिने मी रोज संध्याकाळी हे थर चढवत होतो, उतरवत होतो. श्रोता कोण? भिंत! म्हणून ऑफिसातल्या सहकाऱ्यानं त्याच्या गावाकडच्या मित्राला माझा नंबर दिला तेव्हा मी किती फुगलो असेन ते तुम्हीच ताडा. हा मित्र म्हणजे शिवानंद, मंद्रूपचा, बी-बियाणं आणि खतांचं दुकान. त्याच्या वडिलांची पंचाहत्तरी होती. वडील म्हणजे आप्पा, गावच्या शाळेत जन्मभर गुरुजी. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं. रविवारी सकाळी मंदिराच्या सभामंडपात कार्यक्रम. शिवानंदचा फोन आला.

"सर, वाद्यं किती असत्यात तुमच्याकडं?"

क्लार्कला 'सर' म्हणणारी माणसं मला फार आवडतात. मी आवाज जरा जड केला. "पाच. सतार, व्हायोलिन, बासरी, जलतरंग आणि आपला कीबोर्ड."

"पाच! आनि एका टायमाला वाजत्यात?"

"एका टायमाला! एका सुरात."

"भांडनं न्हाई होत?"

आता वाद्यांची भांडणं म्हणजे काय, तर एकाच्या आवाजाखाली दुसरं दबणं. मला वाटलं, वा, जाणकार माणूस आहे! "सुरुवातीला व्हायची," मी म्हणालो. "व्हायोलिन फार पुढं पुढं करायचं. आता सगळी माझ्या बोटावर नाचतात. गप्प म्हटलं की गप्प."

"लई दरारा हाय की तुमचा!"

"मधेच एखादं हँग होतं, नाही असं नाही. पण एक चापट दिली की सुरू."

शिवानंदनं घसा खाकरला. मग म्हणाला, "आनि त्यांचं... काय लागतं-सवरतं? सोय करायला बरं."

मला वाटलं, विजेची सोय विचारतोय. "काही नाही हो. एका प्लगवर भागतं सगळ्यांचं."

आता गावाकडची रेंज तुम्हाला माहिती आहे. मी म्हणालो 'प्लग'. तिकडं पोचला 'पेग'.

"सर," त्याचा आवाज एकदम खाली आला, "राग मानू नका. आमच्यात ते चालत न्हाई. त्यातनं देवळाचा मंडप."

"चालत नाही?" मी म्हणालो. माझ्या डोक्यात भारनियमन! "सकाळीसुद्धा नाही?"

"सकाळी तर न्हाईच न्हाई!"

"बरं, मग बॅटरीवर काढू कसंतरी. तास-दीड तास तग धरतील. पण त्यानंतर मान टाकतील, आधीच सांगून ठेवतो."

"एवडी सवय?" शिवानंद हळहळला. "बरं असू द्या. कलाकार म्हटल्यावर आलंच. मी गाडी पाठवतो."

मानधनाचं त्यानं विचारलं तर मी म्हणालो, छे छे, गुरुजींची पंचाहत्तरी आहे, नुसतं नेण्या-आणण्याचं बघा. शेवटी त्यानं त्यांच्या शाळेची जुनी प्रार्थना मला फोनवर गुणगुणून दाखवली. आप्पा रोज सकाळी पेटीवर ती वाजवायचे. "तेवडी शेवटाला घ्या सर. म्हातारा खूश हुईल." मी चाल लिहून घेतली. फोन ठेवताना मला काय वाटलं सांगू? वाटलं, किती सुसंस्कृत माणूस! वाद्यांचीसुद्धा चौकशी करतो!

रविवारी सकाळी आठला दारात गाडी लागली. साधी नाही, भलीथोरली क्रूझर. मी लॅपटॉपची बॅग आणि कीबोर्ड घेऊन उभा. ड्रायव्हरनं मला बघितलं, माझ्या मागं बघितलं, जिन्यात वाकून बघितलं.

"बाकीचे चौगं कुटं हायत?"

"कोण चौघं?"

"वाजवनारे. पाच मानसं आनायची म्हनून मोटी गाडी दिलीया."

मंडळी, त्या एका वाक्यात मला सगळा फोन पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा ऐकू आला. भांडणं... चापट... पेग! मी तिथंच पायरीवर बसून शिवानंदला फोन लावला. खरं सांगून टाकायचं, बस्स! मी नीतिमान माणूस आहे, सुरुवातीला तरी.

"शिवानंदराव, एक बोलायचं होतं..."

"बोला की सर! पन आदी माझं ऐका. आप्पा पाचला उटून बसल्यात. मंडपात पाच खुर्च्या सोताच्या हातानं मांडल्या. परतेक खुर्चीवर बसून बघितलं, हालती का. म्हनत्यात, मी जन्मभर एकट्यानं पेटी वाजवली, साथीला कोन न्हवतं. आज पाच मानसं म्होरं बसून वाजवनार, डोळं भरून बघतो. बोर्ड लावलाय चौकात, 'सोलापूरचे पाच नामवंत वादक'. पाच शाली आनल्यात. हां, तुमी काय म्हनत हुता?"

मी काय म्हणत होतो? मी म्हणालो, "काही नाही. खुर्च्या हात नसलेल्या ठेवा. वाजवताना कोपर अडतं."

झालं! तिथं माझ्या नीतीनं मान टाकली. बॅटरी संपली म्हणा.

आता चार वादक आणायचे कुठून? घरात त्या दिवशी शुभदा होती, आणि आदल्या दिवशी बार्शीहून आलेले सासूबाई आणि मेहुणा दिलीप. झाले तीन. चौथे शेजारचे रफिकभाई. रिक्षांची वायरिंग दुरुस्त करतात, माणूस देवासारखा, रविवारी सकाळी दाढी करत दारात बसलेले असतात.

"भाईजान, मेरेकू बजाना आता सो एकच चीज, हॉर्न," ते अर्ध्या दाढीनिशी म्हणाले. "वो बी दूसरों का."

"रफिकभाई, वाजवायचंच नाही! नुसतं तोंडाला लावून बसायचं."

"फिर तो मैं उस्ताद हूँ," म्हणाले, आणि उरलेली अर्धी दाढी करायला लागले.

दिलीपला सांगितलं तर तो उड्याच मारायला लागला. "दाजी, व्हायोलिन मी घेणार! मान अशी वाकडी करून, केस उडवत!" केस, मंडळी! त्याच्या डोक्यावर आहेत किती, मोजायला बसलात तर चहा निवायच्या आत मोजून होतील.

शुभदा मात्र हटून बसली. "मला सतार येत नाही."

"अगं, तिला ताराच नाहीत!"

"मग तर अजिबातच नाही. बिनतारांची सतार घेऊन मी चारचौघांत बसू?"

मी तिला आप्पांचं सांगितलं, एकेका खुर्चीवर बसून बघितल्याचं. तिनं कपाटातून चांगली साडी काढली. मग म्हणाली, "हे सगळं संपल्यावर त्या माणसाचे पाय धरून खरं सांगायचं. कबूल?"

"कबूल!"

"आणि तो कीबोर्ड महिनाभर माळ्यावर."

हेही कबूल केलं. मरता काय न करता!

सासूबाईंना सगळं नीट समजलंच नाही. त्यांना कमी ऐकू येतं. त्या म्हणाल्या, "मंद्रूपला देवदर्शन होईल ना? मग चला." त्यांना मी जलतरंग दिलं. म्हणजे आमच्याच स्वयंपाकघरातल्या सहा चिनी मातीच्या वाट्या आणि दोन लाकडी चमचे. बाकीची वाद्यं कुठून? आमच्या कॉलेजच्या सांस्कृतिक मंडळाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडं. त्या कपाटात मोडकी वाद्यं पडून असतात. बिनतारांची सतार, दोन तारांचं व्हायोलिन आणि तडा गेलेली बासरी. वाटेत गाडी थांबवून घेतली. सरकारी कामात मी कधी एवढा चपळ नव्हतो!

गाडीत तालीम झाली. सूचना एकच: मी तुमच्याकडं बघून मान हलवली की हात हलवायचे, मी बघणं थांबवलं की थांबायचं. विजापूर रोड संपेपर्यंत रफिकभाई बासरी उलटी धरत होते आणि दिलीप व्हायोलिन गिटारसारखं. ड्रायव्हर आरशात बघत होता. शेवटी न राहवून त्यानं विचारलं, "आज घेतली न्हाई म्हनून हात कापत्यात का ह्यांचे?"

म्हणजे पेगची बातमी ड्रायव्हरपर्यंत पोचली होती! शुभदानं माझ्याकडं बघितलं. ते बघणं मी तुम्हाला वर्णन करून सांगणार नाही.

मंडपात दोन-तीनशे माणसं. फेटे, नऊवारी, पुढं पोरं. पहिल्या रांगेत मधोमध आप्पा, पांढराशुभ्र सदरा, गुडघ्यावर दोन्ही हात, वर्गात तपासणीला साहेब आल्यावर बसावं तसे ताठ. आणि समोर पाच खुर्च्या, पाच माईक. मी साउंडवाल्याला गाठून सांगितलं, "बाकीचे माईक बंद ठेवा, सगळा आवाज माझ्या या डब्यातून येतो." तो म्हणाला, व्हय सर. चारांतले तीन त्यानं बंद केले. एक राहिला. कुठला, ते येतंय पुढं.

शिवानंदनं ओळख करून दिली. आम्ही गाडीत असताना त्यानं फोन करून सगळ्यांची नावं विचारून घेतली होती, आणि विशेषणं स्वतःची घातली. "व्हायोलिनवर पंडित दिलीपजी! बासरीवर उस्ताद रफिकभाई! सतारीवर विदुषी शुभदाताई! जलतरंगावर तपस्विनी आजी!" टाळ्यांवर टाळ्या! रफिकभाईंनी तर उठून सलाम केला. मग शिवानंदनं कागद उलटा करून बघितला आणि म्हणाला, "आनि... पेटीवर प्रमोदजी हायत."

हायत! मी म्हणजे नुसतं 'हायत'!

असो. मी भूपाची धून सुरू केली. आधी सतार. शुभदाकडं मान हलवली, तिनं हात हलवला. जमलं! मग व्हायोलिनचं बटण वर. दिलीप सुटला! सूर संथ चाललाय आणि हा करवतीनं लाकूड कापावं तसा गज ओढतोय. पण लोक खूश. मागून कोणीतरी कानडीत ओरडलं, "चलो ऐती!" म्हणजे झकास चाललंय.

मग बासरी. रफिकभाईंनी डोळे मिटले, मान डोलवली, दृष्ट लागावी असं सोंग. मी निश्चिंत झालो आणि एक लांब सूर धरला. तेवढ्यात त्यांना गर्दीत कोणी ओळखीचा रिक्षावाला दिसला. त्यांनी बासरी तोंडापासून काढली, हसले, हात वर करून "क्या रे, खैरियत?" असं विचारलं. आणि बासरी? ती चालूच होती! माझं बोट पट्टीवर तसंच!

सगळ्यांच्या नजरा त्यांच्या ओठांवर. आणि पहिल्या रांगेतला एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "बघितलं का? नाकानं वाजवतोय!"

अशी टाळी पडली म्हणता!

मी घाबरून बासरी खाली ओढली आणि सतार वर केली. नेमकी त्याच वेळी शुभदा दोन्ही हातांनी पदर सावरत होती. सतार आपली आपण झणझणतेय! मी सतार खाली ओढली. तोवर तिनं पदर खोचला आणि जोरात वाजवायला घेतलं. आवाज शून्य. मी वर केली, ती थांबली. मी खाली, ती सुरू. तीन-चारदा असं झालं. शेवटी ती दातओठ खात माझ्याकडं बघायला लागली आणि बायकांच्या बाजूनं आवाज आला, "नवराबायकू हायत वाटतं. रुसवा दावत्यात बघ सतारीवर. अगदी खरं वाटतंय की गं!"

खरंच होतं ते!

आणि सासूबाई? त्यांना माझ्या खुणा वगैरे काही दिसत नव्हत्या. त्या आपल्या रंगून वाट्यांवर चमचे मारत होत्या, टिंग टिंग टिंग. वर थरांचा एवढा आवाज की ते कोणाला ऐकू जात नव्हतं. पण ऊन वाढलं होतं. धून संपत आली तशी त्यांना तहान लागली. त्यांनी शांतपणे चमचे ठेवले, मधली वाटी उचलली आणि गटागटा पिऊन टाकली. माझे डोळे पांढरे! आता काय करणार हे लोक?

"सूर लावतीया आजी," एक जण अदबीनं म्हणाला. "पानी कमी केलं की सूर चडतो."

आता मात्र मला वाटलं की आज देव आपल्या बाजूला आहे. हे लोक आपलं सगळं पोटात घालणार! मी दोन-तीन धुना आणखी हाणल्या आणि मोठ्या तोऱ्यात शेवटच्या प्रार्थनेला हात घातला. यासाठी मी खास चारही थर पूर्ण वर करून ठेवले होते. एकाच वेळी चारही वाद्यं! आप्पांच्या अंगावर काटा आला पाहिजे!

मी पहिली ओळ वाजवली. मंडपात कुजबुज झाली. लोकांनी चाल ओळखली! एक जण उठून उभा राहिला, मग दुसरा, मग रांगच्या रांग. पांढऱ्या मिशांचे लोक हात जोडून उभे, शाळेत राहतात तसे. मी दुसऱ्या ओळीवर गेलो आणि...

काही नाही.

पट्टी दाबतोय, आवाज नाही. लॅपटॉपच्या पडद्यावर एक गोल गोल गोल फिरतोय. हँग!

माझ्या डाव्या हाताला दिलीप करवत चालवतोय, आवाज नाही. रफिकभाई डोळे मिटून डोलतायत, आवाज नाही. शुभदा तार छेडतेय, तार नाही, आवाजही नाही. तीनशे माणसं हात जोडून उभी आणि समोर चार माणसं मुक्यानं वाजवतायत! मी लॅपटॉपला एक चापट दिली. दुसरी दिली. गोल फिरतोच आहे.

आणि त्या शांततेत, माईकमधून, स्वच्छ: टिंग... टिंग... टिंग...

साउंडवाल्यानं चुकून चालू ठेवलेला माईक सासूबाईंचा होता! त्यांना ऐकू येत नसल्यामुळं बाकीचं बंद पडल्याचा पत्ताच नव्हता. जन्मभर आरतीला घंटा वाजवलेली बाई ती, सुराचं काही खरं नव्हतं, पण लय? घड्याळ लावून घ्यावं अशी!

त्या टिंग टिंगवर कोणीतरी दुसरी ओळ म्हटली. मग दहा जणांनी. मग सगळ्या मंडपानं. फाटक्या, जाड, खेडवळ आवाजांत ती शाळेची प्रार्थना अशी काही उठली की काय सांगू! शिवानंद माईक हातात धरून रडत होता. दिलीपनं गज खाली ठेवला. शुभदाचे डोळे भरले. आप्पा ताठ बसून एकेका विद्यार्थ्याकडं बघत होते, हजेरी घेतल्यासारखे, आणि बोटानं गुडघ्यावर ठेका धरत होते.

आणि मी? मी काय करत होतो? मी मान खाली घालून लॅपटॉपची बटणं दाबत होतो. रीस्टार्ट! थर पुन्हा लागायला लागले. सतार... व्हायोलिन... बासरी... चला रे बाबांनो, लवकर!

प्रार्थना संपली. सगळे हात जोडून स्तब्ध. ती शांतता, मंडळी, तशी शांतता मी कधी ऐकली नाही. सासूबाईंनीसुद्धा चमचे ठेवले.

नेमका तेव्हा लॅपटॉप जागा झाला. वाजतंय का बघायला पाचही बोटं मी पट्ट्यांवर दाबून धरलेली, चारही थर पूर्ण आवाजात.

भ्यांऽऽऽऽऽ!

पहिल्या रांगेतलं एक तान्हं पोर घाबरून रडायला लागलं. पत्र्यावरची कबुतरं उडाली. मी वायरच उपटली.

मग शाली झाल्या, नारळ झाले. रफिकभाईंबरोबर पोरांनी फोटो काढून घेतले, "नाकानं वाजवून दावा की!" दिलीप व्हायोलिनवर बोलत सुटला होता. शेवटी आप्पांनी आम्हाला मंडपाच्या बाजूच्या खोलीत चहाला बोलावलं. शुभदानं मला कोपर मारलं. कबूल केलं होतं ना? बोला!

मी आप्पांसमोर बसलो. "गुरुजी, एक सांगायचंय."

"थांबा," आप्पा म्हणाले. "आदी मला बोलू द्या. मी चाळीस वर्सं मास्तरकी केली. पेटी पन तेवडीच वर्सं वाजवली. माझ्या डोळ्यांतनं कायबी सुटत न्हाई."

झालं! मी मान खाली घातली. शुभदानंही घातली. रफिकभाईंनी शाल हळूच खांद्यावरून काढून हातात घेतली.

"ही चार मानसं," आप्पांनी चौघांकडं बोट केलं, "सोनं हायत. मुलं गायला लागली तशी तिगांनी आपापली वाद्यं हळूच बंद केली. का? तर मुलांचा आवाज दबू नये. एवडा मोटेपना मी कुनात बघितला न्हाई. आनि ह्या माउलीनं एकटीनं लय धरली, माझी सगळी शाळा मला परत दिली." त्यांनी सासूबाईंना वाकून नमस्कार केला. सासूबाईंना काय ते कळलं नाही, पण त्यांनीही केला.

मग ते माझ्याकडं वळले. चेहऱ्यावर मास्तरांची ती जुनी दया, नापास पोराच्या बापाला बोलवून घेतल्यावर असते ती.

"ह्यो मधला पेटीवाला तेवडा कच्चा हाय. तासभर कान देऊन बसलो, ह्याचा म्हनून एक सूर ऐकू आला न्हाई. सगळे प्रार्थनेला उबे, तर ह्यो खाली मुंडी घालून कायतर खुडबुड करतोय. आनि सगळं झाल्यावर एकदाच वाजवलं, ते बी रेड्यावानी." त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "वाईट वाटून घेऊ नका. पन पुडच्या टायमाला चौगंच आला तरी चालतंय."

मी शुभदाकडं बघितलं. आता सांगू का? तिनं तोंडाला पदर लावला होता आणि खांदे गदगद हलत होते. ती रडत नव्हती. दिलीप तर चहाचा कप घेऊन बाहेरच पळाला.

सासूबाईंनी मात्र, नेमकं यावेळी, सगळं स्वच्छ ऐकलं होतं. त्या पुढं सरकल्या आणि माझी बाजू घेत आप्पांना म्हणाल्या,

"असू द्या हो गुरुजी, शिकेल हळूहळू. आमचा जावईच आहे, घरी ठेवून कसं यायचं?"